दीड सेंटिमीटर

आत्याच्या दुकानात पृथ्वीची ओढ मोजायचं ठरलं, तेव्हा आत्या एका गिऱ्हाइकाच्या पँटची कंबर उसवत होती. तोंडात दोन टाचण्या, मांडीवर पँट, आणि समोर सोळा वर्षांची भाची एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात कापड दाबायचं लोखंडी वजन घेऊन उभी.

"आत्या, छताचा हुक तीन दिवस मला हवाय."

"त्याला तयार कोट लटकतात," आत्या टाचण्यांच्या फटीतून म्हणाली.

"कोट खुर्चीवर टाक ना. मला लंबक टांगायचाय."

आत्यानं टाचण्या काढल्या. भाचीच्या अशा मागण्यांची तिला सवय होती. भाऊ आणि वहिनी दूरच्या गावी नोकरीला, म्हणून पोरगी शाळेसाठी आत्याकडे राहिली होती, आणि राहायला आल्या दिवसापासून प्रश्न विचारून तिनं आत्याचं डोकं खाल्लं होतं. आत्या तिला चौकशी म्हणायची. गल्लीतही आता तेच नाव पडलं होतं. शेजारच्या दुकानातला काचवाला तर तिला लांबूनच ओरडून विचारायचा, "काय चौकशी, आज कोणाची?"

शाळेत विज्ञानाच्या तासाला ही पोरगी पुस्तकाच्या पुढं पळायला लागली, तशी बाईंनी हात टेकले आणि तिला एका विद्यापीठाचा कोर्स घालून दिला. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं भौतिकशास्त्र, पण शाळेतल्या मुलांसाठी, आणि सगळं ऑनलाइन. दुकानाच्या मागं एक खोली, खोलीत एक टेबल, टेबलावर जुना लॅपटॉप, आणि लॅपटॉपमधून एक पांढऱ्या दाढीचे सर आठवड्यातून तीनदा शिकवायचे. मशीन चालवता चालवता आत्याच्या कानावर ते पडायचं. निम्मं डोक्यावरून जायचं, पण ऐकत राहावंसं वाटायचं, हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

एकच अट कडक होती. प्रयोग घरीच करायचा, असेल त्या सामानानं, आणि शुक्रवारी सरांसमोर तोंडी परीक्षा. सरांचं समाधान झालं नाही तर कोर्समधून नाव कमी, आणि मुकाट्यानं परत शाळेच्या वर्गात. दुसरी संधी नव्हती. चौकशीला जे शिकायचं होतं ते, प्रकाश आणि अणू, पुढच्या सत्रात होतं. त्यासाठी ती वर्षभर जीव टाकून बसली होती.

प्रयोग दिसायला अगदी साधा होता. काजाच्या जाड दोऱ्याला लोखंडी वजन बांधायचं, हुकाला टांगायचं, हळूच झोका द्यायचा आणि शंभर झोक्यांना किती वेळ लागतो ते मोजायचं. दोऱ्याची लांबी आणि झोक्याचा वेळ, दोनच आकडे. त्यावरून पृथ्वी वस्तूंना किती जोरानं ओढते ते निघतं. पुस्तकात उत्तर छापलेलं होतं: ९.८.

"बास एवढंच?" आत्यानं विचारलं.

"एवढंच," चौकशी म्हणाली, आणि तिचे डोळे चमकले. "म्हणजे बघ ना, कसलंही यंत्र नाही. दोरा आणि वजन. आणि आख्खी पृथ्वी कळते."

हुकापासून वजनाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर दोरा हवा होता. आत्यानं गळ्यातला टेप काढून दिला. हा टेप आत्याला तिच्या कटिंग मास्तरांनी दिला होता, बावीस वर्षांपूर्वी, तिनं पहिला कोट एकटीनं कापला त्या दिवशी. मेणकापडाचा, पिवळा, टोकांना पितळी पट्ट्या. सुरुवातीचे आकडे इतके झिजले होते की दुसऱ्या कोणाला ते वाचता येत नसत.

"टेप बरोबर आहे ना गं?" चौकशीनं सहज विचारलं.

आत्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "बावीस वर्षं या टेपवर मी गल्लीला कपडे घालतेय. एक तरी पँट परत आली का? तुझी पृथ्वी चुकेल, हा टेप चुकायचा नाही."

पोरीनं जीभ चावली आणि तो प्रश्न पुन्हा तोंडावाटे काढला नाही. आत्याच्या टेपवर संशय घ्यायचा म्हणजे आत्यावरच संशय घेण्यासारखं होतं.

दोन दिवस दुकानात लोखंड झुलत राहिलं. गिऱ्हाइकं त्याला वळसा घालून आत येत. चौकशी जमिनीवर मांडी घालून झोके मोजायची आणि वहीत लिहायची. वीस वेळा शंभर झोके मोजून झाले. वीसही वेळा उत्तर आलं ९.६४. कधी ९.६३, कधी ९.६५, त्याच्या पलीकडे पाऊल नाही. तिनं तसाच अहवाल पाठवला. मंगळवारी दुपारी सरांचा शेरा आला. चौकशीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला:

"तुझी वीस मापं एकमेकांशी इतकी जुळतात की हा हाताचा धसमुसळेपणा नव्हे. तुझ्या खोलीतली एखादी वस्तू दर वेळी खोटं बोलते आहे, आणि दर वेळी तेवढंच. ती शोध. शुक्रवारी चार वाजता भेटू."

 आत्यानं नकळत दुकानावर नजर फिरवली. मशीन, इस्त्री, कात्री, आरसा. यांतलं कोण खोटं बोलतंय? आणि कुठल्या कुठं बसलेल्या त्या दाढीवाल्याला ते कळलं कसं?

मग घोडं कुठं पेंड खातंय ते शोधायला सुरुवात झाली. दोरा ताणतो का म्हणून चौकशीनं वजन रात्रभर टांगून ठेवलं, ताणला नव्हता. मोबाइलचं घड्याळ मागं पडतं का म्हणून रेडिओच्या वेळेशी लावून पाहिलं, पडत नव्हतं. हुक हलतो का, झोका फार मोठा होतो का, पंख्याचा वारा लागतो का, सगळं झालं. दोरा दीड सेंटिमीटर जास्त लांब असता तर उत्तर जुळलं असतं, एवढंच हिशेबातून निघत होतं. बुधवारी रात्रीचं जेवण तिनं तसंच ठेवलं. 

"अगं, लांबी दीड सेंटिमीटर जास्त लिही की," आत्या म्हणाली. "येतंय ना मग उत्तर बरोबर? थोडं शिवणीत दाबून टाकायचं. कोण बघतंय?"

चौकशीनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, आश्चर्यानं. "तू दाबतेस कधी?"

 आत्यानं उभ्या जन्मात चूक शिवणीत दाबली नव्हती. अख्खी बाही उसवली होती, पण दाबली नव्हती. आपण पोरीला हे काय शिकवत होतो, असं वाटून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवारी सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. काखेत दोन पडदे, तेही नवे, गेल्याच आठवड्यात आत्यानं शिवलेले.

"लांब झालेत हो," बाई म्हणाल्या. "जमिनीवर लोळतायत. तीन सेंटिमीटर."

"शक्य नाही," आत्या म्हणाली. "तुम्ही चिठ्ठीवर दोनशे लिहून दिलंत, मी दोनशे कापलं."

"मग काचवाल्यानं माप चुकीचं दिलं असणार. खिडकी त्यानंच बसवली."

काचवाल्याचं दुकान भिंतीला भिंत लागून. त्यानं ते ऐकलं, आणि कमरेचा स्टीलचा टेप काढत तो थेट आत आला. "माझं माप? मी काच कापतो, बाई, कापड नाही! एक मिलिमीटर चुकलं तर काच फुटते. आणा तो पडदा इकडं."

त्यानं पडदा कापायच्या टेबलावर पसरला आणि टेप ओढला. दोनशे तीन.

आत्यानं आपला टेप लावला. तो दीड मीटरचाच, म्हणून तिच्या नेहमीच्या रीतीनं शंभर मोजून खूण केली आणि पुन्हा शंभर मोजले. बरोबर दोनशे.

"पाहिलंत?" आत्या म्हणाली, आणि मग तिनं दोन्ही टेपकडं पुन्हा पाहिलं.

दोन वेळा शंभर, आणि तीनचा फरक. म्हणजे शंभराला दीड. दीड सेंटिमीटर, जे काल रात्री ती पोरीला शिवणीत दाबायला सांगत होती.

काचवाला काहीतरी बोलत होता, डॉक्टरीणबाई काहीतरी बोलत होत्या, आत्याला काही ऐकू येईना. तिच्या मागं हुकाला लोखंड संथ झुलत होतं. चौकशी शाळेत गेली होती. तिनं जाताना झोका देऊन ठेवला होता आणि तो अजून चालूच होता.

"तुमचे पडदे संध्याकाळी आखूड करून पाठवते," आत्या म्हणाली. "चूक माझी." हे दोन शब्द तिनं दुकानात पहिल्यांदाच उच्चारले. काचवाला इतका चपापला की टेप मागं ठेवूनच निघून गेला.

आता खरं सांगायचं तर आत्या तासभर काही न करता बसून होती. पोरीला सांगायचं की नाही? सांगितलं तर बावीस वर्षांची मिजास एका क्षणात उतरणार. आणि वहीत लिहिलेली शेकडो लोकांची मापं, ती सगळीच खोटी? पण मग कपडे बसले कसे? तिनं डोकं धरलं, आणि मग तिला ते उमगलं. अंगाचं माप याच टेपनं आणि कापडाचंही याच टेपनं. दोन्हीकडं सारखंच खोटं, म्हणून खोटं कधी दिसलंच नाही. माप बाहेरून आलं तेव्हा दिसलं. एकदा डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीतून आलं. आणि त्याच्याही आधी आलं होतं ते खालून, फरशीच्या खालून.

चौकशी दारात आली तेव्हा आत्यानं दोन्ही टेप टेबलावर एकमेकांशेजारी मांडून ठेवले होते. आत्याचा शंभर, स्टीलचा एकशे एक आणि अर्धा. पोरीनं दप्तर न काढता वही उघडली, आकडा बदलून गुणाकार केला आणि पुन्हा केला. ९.७८. 

"बावीस वर्षांत एक पँट परत आली नाही," आत्या म्हणाली. "म्हणून मला वाटलं टेप खरा. तुला गप्प केलं मी. माझं चुकलं गं."

चौकशी तिच्या गळ्यात पडली, दप्तरासकट.

शुक्रवारी चार वाजता दोघींना वाटत होतं की आता काय, सगळं मार्गी लागलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं, दाढी खाजवली आणि शांतपणे विचारलं, "स्टीलचा टेप खरा कशावरून?"

"सर, तो... स्टीलचा आहे."

"दोन साक्षीदार आहेत. दोघांचं पटत नाही. त्यातला एक तुला पुस्तकातलं उत्तर देतो, म्हणून तू त्याला खरा ठरवलंस. पुस्तक नसतं तर? पृथ्वीची ओढ आजवर कोणीच मोजलेली नसती, तर दोघांपैकी खोटा कोण हे कसं ठरवलं असतंस?"

  दुकानात आत्यानं मशीनवरचा पाय कधीच काढून घेतला होता. पोरीचे कान लाल झालेले तिला मागूनही दिसत होते.

"मला... माहीत नाही, सर," चौकशी हळूच म्हणाली.

सर रागावले नाहीत, पण वहीकडं वळले. आता काहीतरी लिहिणार, हे आत्यानं ओळखलं. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हा कापडी टेप वापरतं कोण?"

"माझी आत्या. ती कपडे शिवते."

"त्या आहेत का घरी? त्या तो कसा वापरतात एवढंच मला ऐकायचंय."

आत्या कॅमेऱ्यापुढं आली. केस सारखे करायचंही तिला सुचलं नाही. आयुष्यात ती कोणत्या प्राध्यापकाशी बोलली नव्हती, आणि आज बोलायचं तर आपल्याच चुकीबद्दल.

"मी ओढते, सर," ती म्हणाली. "माप घेताना टेप ओढून धरते. मास्तर ओरडायचे, हात सैल ठेव म्हणून. पण पोट आत घेणारी माणसं असतात, त्यांना कळू न देता आवळावं लागतं. तीच खोड लागली." तिनं गळ्यातला टेप हातात घेतला, आणि बोलता बोलता थांबली. बोटांना काहीतरी कळलं होतं. सुरुवातीचं टोक मऊ, आकडे पुसलेले. शेवटचं टोक मात्र अजून कडक, मेणाची चकाकी तशीच. तिथवर कोणाची कंबर पोचलीच नव्हती.

"थांबा हं, सर," आत्या म्हणाली. "एक मिनिट."

तिनं टेप दुमडला. पहिले तीस सेंटिमीटर शेवटच्या तीसवर ठेवले, एकशेवीसपासून दीडशेपर्यंतच्या. तीसला तीस जुळायला हवे होते. जुळले नाहीत. झिजलेलं टोक चकाकणाऱ्या टोकाच्या पुढं निघून गेलं, चांगलं अर्ध्या बोटाच्या जाडीनं.

आत्यानं ते तसंच कॅमेऱ्यापुढं धरलं.  "स्टीलचा टेप राहू दे बाजूला, सर. पुस्तकही राहू दे. हा टेप स्वतःशीच जुळत नाही. याचा पहिला तीस वेगळा आणि शेवटचा तीस वेगळा. जो स्वतःशीच जुळत नाही, तो खोटा. त्याला दुसरा साक्षीदार कशाला?"

 सर खुर्चीत पुढं सरकले, इतके पुढं की पडद्यावर नुसती दाढी आणि चष्मा उरला.

"पुन्हा दाखवा," ते म्हणाले.

आत्यानं पुन्हा दाखवलं. चौकशी तिच्या हाताकडं डोळे फाडून बघत होती, आणि मग ती ओरडलीच, "सर! म्हणजे शेवटचं टोक अजून कारखान्यातून आलं तसंच आहे! दोरा त्या टोकानं मोजला तर? तीस-तीस करून?"

"मोज," सर म्हणाले. "मी थांबतो."

तिनं लॅपटॉप उचलून दुकानात आणला, खुर्ची ओढली, हुकापर्यंत चढली. आत्यानं खालून दोरा ताठ धरला. तीस, खूण, तीस, खूण, तीस, आणि मग उरलेला तुकडा अकरा आणि अर्धा. एकशे एक आणि अर्धा. काचवाल्याच्या टेपनं जे सांगितलं होतं, तेच आत्याच्या टेपच्या न वापरलेल्या टोकानं सांगितलं. 

"ताई," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज वर्गातला राहिला नव्हता, "इतकी वर्षं हा टेप खोटं बोलत होता, आणि तरी कपडे अंगाला बसत होते?"

"अंगालाही तोच आणि कापडालाही तोच ना, सर."

"बरोबर." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "मला कधी कधी याचीच भीती वाटते. आम्हा सगळ्यांच्या हातात असाच एखादा टेप असेल, आणि आमचंही सगळं छान बसत असेल. बाहेरून कोणीतरी येऊन विचारेपर्यंत कळायचंच नाही." मग ते चौकशीकडं वळले. "तू पास आहेस. पुढच्या सत्रात भेटू. अहवाल पुन्हा लिही, आणि चूक कोणी शोधली त्यांचं नाव तुझ्या नावाशेजारी घाल. आमच्यात तशी रीत आहे."

"अहो, पण चूक केलीही मीच," आत्या म्हणाली.

"म्हणून तर तुम्हालाच सापडली," सर म्हणाले, आणि पडदा काळा झाला.

चौकशी आनंदानं कुठं उडी मारावी हे न कळून आधी काचवाल्याकडं धावली. भिंतीपलीकडून तिचा आरडाओरडा आणि त्याचं मोठ्यानं हसणं ऐकू आलं. आत्या दुकानात एकटीच राहिली. लांबी मोजताना धक्का लागून लोखंड पुन्हा झुलायला लागलं होतं. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

कोणी ढकलत नव्हतं. खाली फरशी होती, फरशीखाली माती, मातीखाली खडक, त्याच्याखाली तापलेला रस, आणि पार पलीकडच्या बाजूला कोणाचे तरी समुद्र आणि शहरं. ते सगळंच्या सगळं मिळून या एवढ्याशा लोखंडाला ओढत होतं, एका क्षणाचाही खाडा न करता. रविवारपासून ते हेच सांगत होतं. वीस वेळा सांगितलं, आणि आत्यानं ते पोरीची चूक म्हणून सोडून दिलं होतं.

"एवढी मोठी तू," आत्या हळूच म्हणाली, "आणि माझ्या दुकानातल्या दीड सेंटिमीटरची तुला खबर!"

तिला रडू आलं. तिनं ते येऊ दिलं.